दोन्ही फायलींत नाव

१

संघमित्रा साळवेकडे येणारी माणसं दोन प्रकारची असत. एक, ज्यांना नवा प्रोग्राम घेणं जमत नव्हतं. दुसरी, ज्यांना जुना सोडवत नव्हता. दवाखाने, वाचनालयं, छापखाने, लग्नाचे हॉल. कधीकाळी कुणा हौशी माणसाने बनवून दिलेला डेटाबेस अडला की तिला फोन यायचा. ती करी रोडहून निघायची, खुर्चीत बसायची, डोक्यावरचा चष्मा नाकावर ओढायची आणि पहिला प्रश्न विचारायची, "नेमकं काय करता तेव्हा बिघडतं?" वीस वर्षांच्या अनुभवाने तिला एवढं कळलं होतं की अर्धा आजार त्या उत्तरातच सापडतो.

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी तिने हा प्रश्न परळमध्ये विचारला. निवृत्त गिरणी कामगारांना औषधं पुरवणारं एक मंडळ होतं, त्याच्या कचेरीत. दुसऱ्या मजल्यावरची लांबट खोली, भिंतीला लावलेली लोखंडी कपाटं, सभासदांना बसायला एक बाक. बाक रिकामा होता. खोलीला कफ सिरपचा गोड, जुना वास होता.

"एक फाइल उघडली तर काही नाही," मंडळाचे सेक्रेटरी मॉरिस परेरा म्हणाले. "दुसरी उघडली की बसतं."

बहात्तर वर्षांचे परेरा गिरणीत टाइमकीपर होते. शर्टाला कडक इस्त्री, मनगटावर घड्याळ आतल्या बाजूला. ते स्वतःही मंडळाचे सभासद होते.

"कुठली दुसरी?"

"ह्या दोनच. औषधांची उघडा, डॉक्टरांची उघडा, पत्त्यांची उघडा, सगळ्या एकदम उघडा, चालतं. फक्त ह्या दोन एकत्र नाही."

त्या दोन फायलींची नावं होती 'हयात' आणि 'मयत'. दर नोव्हेंबरला सभासद येऊन सही करून जायचे, ते हयातमध्ये. वारले त्यांचं नाव दुसरीत जायचं. अकराशेच्या वर नावं होती.

संघमित्राने हयात उघडली. क्षणात उघडली. मग मयत उघडली. पडदा पांढुरका झाला आणि बाण गोल फिरायला लागला. ही तिची ओळखीची गोष्ट होती. सवयीने तिचा हात अडलेला प्रोग्राम बंद करणाऱ्या टास्क मॅनेजरच्या तीन बटणांकडे गेला, तेवढ्यात परेरांनी तिचं मनगट धरलं.

"बंद नका करू."

"सर, हँग झालाय. एंड टास्क करावंच लागेल."

"जरा थांबू या. प्लीज."

त्यांची बोटं गार होती. तिने हात सोडवून घेतला आणि थांबली. वीस मिनिटं दोघं पडद्याकडे बघत बसले. समोरच्या टॉवरच्या काचांवरून ऊन खोलीत आलं, बाकावरून सरकत गेलं. शेवटी परेरा उठून खिडकीशी गेले, पाठ करून उभे राहिले आणि म्हणाले, "करा."

तिने बंद केलं. मग नेहमीचे संशयित एकेक करून तपासले. कधीच भंगारात गेलेला प्रिंटर डिफॉल्ट म्हणून राहिला होता. तसला प्रिंटर शोधत प्रोग्राम तासन्‌तास खोळंबतात. तो काढला. फाइल उघडीच असल्याचं भासवणारी, मागे राहिलेली लॉक फाइल उडवली. दोन्ही फायली वेगवेगळ्या दुरुस्त करून घेतल्या. अँटीव्हायरस थांबवून पाहिला. पुन्हा दोन्ही उघडल्या. पुन्हा तेच.

एक गोष्ट मात्र तिला बरी वाटली नाही. हँग झालेला प्रोग्राम आतल्या आत धडपडत असतो. डिस्क वाचत असतो, मेमरी खात असतो. हा काहीच करत नव्हता. आकडे सगळे शून्यावर. अडकलेल्या प्रोग्रामचे असे आकडे तिने कधी पाहिले नव्हते. कुणीतरी येण्याची वाट बघत बसलेल्या माणसासारखा तो स्वस्थ होता.

"मयतमधली शेवटची नोंद नऊ मार्चची आहे," ती म्हणाली. "त्यानंतरच्या भरल्या नाहीत?"

"त्यानंतर कुणी गेलंच नाही."

"अकराशे म्हातारी माणसं. नऊ महिने. एकही नाही?"

"फायली एकत्र उघडल्याच नाहीत मी तेव्हापासून," परेरा म्हणाले.

नोंदी तुंबल्या आहेत, एवढाच अर्थ तिने त्यातून काढला आणि दोन्ही फायलींची प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन घरी आली.

२

तिच्या लॅपटॉपवर दोन्ही फायली एकदम उघडल्या. एक सेकंदही लागला नाही.

म्हणजे फायलींत दोष नव्हता, दोष त्या मशीनमध्ये होता. तरी तिने ताडून पाहिलं आणि दोन नावं अशी निघाली की जी दोन्ही फायलींत होती. सभासद क्रमांक २२१, ॲन्टोनेट, आडनावाची चौकट कोरी. क्रमांक ६४०, सीताराम गवाणकर. दोघांच्याही मृत्यूची तारीख कोरी, पण मयतमध्ये नोंद पडल्याची वेळ होती. ॲन्टोनेट, सतरा जानेवारी, दुपारी बारा दहा. सीताराम, नऊ मार्च, सकाळी अकरा चाळीस.

कारण तिला लगेच कळलं. प्रोग्राम नाव आधी मयतमध्ये लिहीत होता आणि मग हयातमधून खोडत होता. मधेच कुणी एंड टास्क केलं, तर पहिलं काम झालेलं आणि दुसरं राहिलेलं. नाव दोन्हीकडे. आता दोन्ही फायली समोरासमोर आल्या की प्रोग्राम त्या नावापाशी अडत असणार. इतकं साधं. प्रतीत तो का अडत नाही, हे तिला सांगता येत नव्हतं, पण ते नंतर बघता आलं असतं.

दोन्हींपैकी खरी नोंद कोणती, एवढंच ठरवायचं होतं. सीतारामचा पत्ता तिच्याच घराच्या मागच्या गल्लीतला. तिने दिलेल्या नंबरवर फोन लावला. एका बाईने उचलला.

"सीताराम गवाणकर आहेत ना?"

"आहेत," बाई म्हणाली. मग थोडं थांबून, "म्हणजे, तुम्ही या बघायला. लोक येतात."

३

सुचित्रा गवाणकर चाळीतल्या खोलीच्या दारात लसूण सोलत बसली होती. सीतारामची सून. तिने संघमित्राला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पाय आखडून वाट दिली.

"चप्पल असू द्या. डॉक्टर लोकही काढत नाहीत."

सीताराम खाटेवर उताणा होता. उजवा हात वर उचललेला, जसा कुणी फळीवरचा चष्मा घ्यायला उचलतो. त्या हाताखाली दोन उशा रचल्या होत्या.

"खाली होत नाही तो. सुरुवातीला आम्ही दाबून बघितला. मग सोडला."

छाती भरलेली होती. श्वास आत घेतलेला होता, बाहेर पडत नव्हता. संघमित्रा वाट बघत राहिली. डाव्या डोळ्याच्या कडेला पाण्याचा एक थेंब जमला होता, ओघळण्याच्या बेतात, आणि ओघळत नव्हता.

"पुसला तर परत येतो," सुचित्रा म्हणाली. "नऊ महिने झाले. खात नाहीत, वाळतही नाहीत. नखं कापायला लागली नाहीत. मोठ्या इस्पितळातून घरी पाठवलं, म्हणाले, इथे ठेवून काय करू? नाडी आहे. एक ठोका लागतो आणि मग दुसऱ्यासाठी बसून राहायचं."

"कधीपासून?"

"नऊ मार्च. पावणेबारा वाजत होते, मी कुकर लावला होता. म्हणाले, सुचित्रा, चष्मा. बस."

संघमित्राने त्या वेळेचा विचार मनाबाहेर ढकलला. तिच्या घरात भुताखेतांना कधीच थारा नव्हता. वडिलांनी तेवढं करून ठेवलं होतं. गिरणगावात म्हाताऱ्यांना झटके येतात. वेळा जुळतात.

"ऐकू येतं का त्यांना?"

सुचित्राने लसणाची पाकळी बोटांत फिरवली. "येतं. ह्यांनी एकदा, दमले होते हो, म्हणाले, बाबा, आता सुटा तरी. तेव्हा घशातून आवाज आला. नळ जाताना येतो ना, तसा. त्यानंतर आम्ही इथे काही बोलत नाही. टीव्हीही लावत नाही." तिने आवाज खाली आणला. "ताई, मरत पण नाहीत. तुम्ही कुठून आलात म्हणालात?"

"मंडळाकडून."

"मग नाव काढू नका हं. औषधं नकोत, पण नाव असू द्या. नाव काढलं तर काय राहिलं त्यांचं?"

४

मंगळवारी सकाळी ती परळला पोचली, तेव्हा परेरा जिन्यातच उभे होते.

"सर, सीताराम गवाणकरांना पाहून आले."

"हात अजून वर आहे?"

ती त्यांच्यामागून वर चढली. खोलीत जाऊन त्यांनी टेबलावर एक कागद ठेवला. टाइमकीपरच्या टपोऱ्या अक्षरात दोन क्रमांक. खाली लिहिलं होतं, 'हयातमधून काढणे.'

"ते जिवंत आहेत," संघमित्रा म्हणाली.

"तुम्ही पाहिलंत. तुम्हीच ठरवा, त्याला जिवंत म्हणायचं का."

ती खुर्चीत बसली. हा तक्त्यातला एक कोरडा आकडा आहे, असं तिने स्वतःला बजावलं. नाव खोडून पाहायचं, प्रोग्राम सुटला तर निदान पक्कं. चुकलं तर पाच मिनिटांत परत लिहिता येतं. शिवाय जे ती मानत नव्हती ते खोटं ठरवायचा हाच एक मार्ग होता, आणि तिला ते खोटं ठरवायचं होतं.

तिने हयात एकटीच उघडली. ६४० क्रमांक काढला. 'खोडा' दाबलं. प्रोग्रामने त्याचा ठरलेला प्रश्न विचारला: 'मयतमध्ये नोंद आहे. खोडायचे?' तिने 'हो' म्हटलं. अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती.

अकरा दहाला तिचा मोबाइल वाजला.

"ताई, सुचित्रा बोलते." आवाज हलका होता, जवळजवळ तरुण. "सुटले. आत्ता. हात आपोआप खाली आला. श्वास सोडला, इतका मोठा सोडला की कॅलेंडर हललं. तो थेंब गालावरून गेला बघा. तुमच्या पायगुणानेच म्हणायचं."

संघमित्राने फोन उलटा करून टेबलावर ठेवला. परेरांनी कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना बोटं लावली आणि खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"आता दुसरं नाव."

"ॲन्टोनेट कोण?"

"माझी बायको," ते म्हणाले.

५

सतरा जानेवारीला ते ह्याच खुर्चीत बसले होते. दोन्ही फायली उघड्या होत्या. पडद्यावर बायकोचं नाव आपोआप आलं आणि प्रोग्राम थांबला. ती लग्नाआधी गिरणीत विणकाम खात्यात होती, म्हणून सभासद. नाव बघून त्यांना हसूसुद्धा आलं. घरी लवकर जायचं होतं. त्यांनी एंड टास्क दाबलं.

"घरी गेलो तर ती कपाटाशी उभी. टेबलक्लॉथ काढत होती. उभीच. मी आणि फ्लॅवियाने तिला आडवं केलं." फ्लॅविया शेजारची, तेव्हापासून दिवसभर ॲन्टोनेटजवळ बसणारी. "मला काय माहीत! मार्चमध्ये गवाणकरचं नाव आलं, तेव्हाही मी सवयीने दाबलं. दुसऱ्या दिवशी बातमी आली. मग कळलं."

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही आला असता?"

बाहेर कुठेतरी काँक्रीट फोडत होते. कपाटातल्या बाटल्या बारीक वाजत होत्या.

"दोनदा माझ्या हाताने झालंय," परेरा म्हणाले. "आता नाही होत. नऊ महिने मी रोज बटणावर बोट ठेवतो आणि घरी जातो. तुम्ही करा. तुम्हाला ती कुणी नाही."

संघमित्राला राग आला. आपल्याला इथे कशासाठी आणलं, ते आता तिला कळलं होतं. पण रागाच्याही वर एक विचार आला, आणि तो आला तसा तिला आवडला. तो तिच्या धंद्यातला विचार होता.

"सर, नाव दोन्हीकडे आहे. एकीकडून काढायचं आहे. हयातमधूनच का?"

त्यांना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांनी टेबलाची कड धरली.

"मयतमधून काढलं तर..."

"नाव फक्त हयातमध्ये राहील. पूर्वीसारखं."

"असं होतं?"

"एका बाजूने झालं. दुसऱ्या बाजूने का होणार नाही?"

ह्या माणसाला आपण आशा दाखवतोय, आणि तिचं काय होईल ते आपल्याला माहीत नाही, हे तिला त्या क्षणी दिसायला हवं होतं. दिसलं नाही. वीस वर्षांत तिने शेकडो हरवलेल्या नोंदी परत आणल्या होत्या, लोकांनी तिचे हात हातात घेतले होते. तिने हयात बंद केली, मयत उघडली आणि २२१ क्रमांकाची ओळ खोडली.

परेरांनी घरी फोन लावून स्पीकरवर ठेवला. घंटा बराच वेळ वाजली.

"अंकल," फ्लॅविया धापा टाकत होती. "आंटी उठून बसल्या. तुमचं नाव घेतलं. पाणी मागतायत."

परेरा आधी हसले आणि मग टेबलावर डोकं टेकून रडले. संघमित्राने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. आपण फार मोठं काही केलं आहे, असं तिला वाटलं.

६

दोघं टॅक्सीने गिरगावला निघाले. परेरांनी शर्टाची बटणं दोनदा लावली. लालबागच्या पुलावर फ्लॅवियाचा फोन आला.

"अंकल, सगळं पाणी संपलं. पिंपातलंही."

"पिऊ दे तिला."

भायखळ्याला पुन्हा आला. "कालचा भात खाल्ला. पाव खाल्ला. तांदूळ खातायत, अंकल, कच्चे. आणि त्या बारीक होतायत."

"बारीक म्हणजे?"

"या तुम्ही," फ्लॅविया म्हणाली.

गिरगावातल्या त्या अरुंद वाडीत परेरांचं घर वरच्या मजल्यावर होतं, लाकडी जिन्याचं. फ्लॅविया जिन्याच्या मधल्या पायरीवर बसली होती, मांडीवर रिकामा डबा. ती आत यायला तयार नव्हती.

बाहेरच्या खोलीत जेवणाचं टेबल मांडलं होतं. एक ताट, काटा, चमचा, घडी घातलेला रुमाल. जमिनीवर सगळीकडे पांढरे केस पडले होते, हातभर लांब, मुठीमुठीने. आतल्या खोलीच्या दाराला फुलाफुलांचा पडदा होता. पलीकडे काहीतरी कुरतडल्यासारखा आवाज येत होता. तो थांबला.

"मॉरिस?" आवाज सभ्य होता. म्हाताऱ्या, शिकलेल्या बाईचा. "मॉरिस, अकरा महिने मला कुणी जेवायला वाढलं नाही. मी सगळं ऐकत होते. तुम्ही इथेच बसून जेवत होता."

"ॲनी, तू खात नव्हतीस. तुला नको होतं."

"भूक लागली होती, मॉरिस. रोज लागत होती. आता सगळी लागली आहे."

पडद्याच्या कडेला एक हात आला. संघमित्राने पाहिला तो फक्त हातच. मनगट लाटण्याच्या टोकाएवढं उरलं होतं. नखं आतल्या बाजूला वळून तळहाताला टेकली होती, आणि ती बघत असताना वळतच होती. बोटांनी पडदा चाचपला, चुरगाळला आणि कापड हळूहळू आत ओढलं जायला लागलं. आत पुन्हा चावण्याचा आवाज सुरू झाला.

अकरा महिने त्या देहाला काही शिवलं नव्हतं. आता ते सगळे दिवस एकदम आले होते.

परेरांनी कचेरीच्या किल्ल्या तिच्या हातात कोंबल्या. त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"काढा तिला. हयातमधून काढा. धावत जा."

७

जिन्यात तिने फ्लॅवियाचा नंबर घेतला होता; टॅक्सीत बसताच तिला फोन लावला आणि चालूच ठेवला. परळच्या जिन्यावर धापा टाकत चढताना तिला पलीकडून वाडीतली कबुतरं ऐकू येत होती.

"फ्लॅविया, काय चाललंय?"

"घरातलं संपलं, मॅडम. माझ्या घरातलंही दिलं. अंकल दारात उभे आहेत."

संघमित्राने हयात उघडली. २२१. खोडा. प्रोग्रामने विचारलं नाही, सांगितलं: 'मयतमध्ये नोंद नाही. खोडता येणार नाही.' तिने मयत उघडून तिथे नाव लिहायला घेतलं. क्रमांकाच्या चौकटीपाशी तांबडी ओळ आली: 'हा क्रमांक एकदा वापरून झाला आहे.'

तिने पेन ड्राइव्ह लावला. सोमवारची प्रत उघडली. कालपर्यंत तिथे ॲन्टोनेटचं नाव होतं. त्या जागी आता कोरी ओळ होती.

मग ती जे जे तिला येत होतं ते सगळं करून बसली. क्रमांक बदलून पाहिला, फाइल नव्याने बांधून पाहिली, दुसऱ्या नावाने पाहिली. प्रत्येक वेळी तीच तांबडी ओळ आली. हे सगळं करताना दोन्ही फायली एकमेकींशेजारी उघड्या होत्या आणि प्रोग्राम अडत नव्हता, हे तिच्या उशिरा लक्षात आलं. बिघाड दुरुस्त झाला होता.

हयातमधली एक ओळ आपोआप निळी झाली. क्रमांक ९. ओळ मयतमध्ये उमटली आणि हयातमधून गेली. मग ३१. मग ५८. नऊ महिने तुंबलेलं सुटलं होतं. कचेरीचा फोन वाजायला लागला.

तिची बोटं तीन बटणांवर पोचली होती. तिने ती उचलली आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. मधेच थांबवलेलं माणूस कसं दिसतं, ते तिने पाहिलं होतं. नावं जात होती, एकामागून एक, गुळगुळीत. टेबलावरचा फोन वाजून थांबला, पुन्हा वाजला.

"फ्लॅविया?"

"आंटी अंकलना आत बोलावतायत." फ्लॅविया कुजबुजत होती. "अंकल म्हणाले, येतो, ॲनी. घड्याळ काढून टेबलावर ठेवलं त्यांनी. मॅडम, आत गेले. कडी लावली आतून."

"दार ठोठाव. लोकांना बोलाव."

"ठोठावतेय. ते ओरडत नाहीयेत, मॅडम. ते सॉरी म्हणतायत."

ठोठावण्याचा आवाज आला. मग फ्लॅवियाने ठोठावणं थांबवलं, ऐकत राहिली असावी. संघमित्राही ऐकत राहिली. लाकडावर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, आणि त्यानंतरचे आवाज तिने पुढे कुणालाही सांगितले नाहीत.

पडद्यावर एक ओळ निळी झाली. क्रमांक ३८, मॉरिस परेरा. ती मध्ये क्षणभरही थांबली नाही. हयातमधून गेली, मयतमध्ये लागली, आणि खालची ओळ निळी झाली.

"मॅडम." फ्लॅवियाचा आवाज आता वेगळा होता, सुटल्यासारखा. "कडी काढली. आंटी दारात आल्यायत. नाही हो, बऱ्या दिसतायत. केस विंचरलेत. चेहरा कसा भरलाय."

"फ्लॅविया, खाली उतर. जिना उतर आणि रस्त्यावर जा."

"मला आत बोलावतायत. काहीतरी पुसायचंय म्हणतायत, एकटीला उचलत नाही."

"जाऊ नकोस. ऐक माझं, फ्लॅविया."

फोन पायरीवर ठेवल्याचा आवाज आला. मग सपाता वाजल्या, एक, दोन, तीन. पलीकडे कुणीतरी हळुवारपणे म्हणालं, ये, बाळ, आणि दार लागलं.